बाहुलीचा पासपोर्ट

ट्रॉय हे नाव घेतले की लाकडी घोडा आठवतो. दहा वर्षे वेढा घालूनही जे नगर ग्रीकांच्या हाती लागले नाही, ते एका भेटवस्तूमुळे लागले अशी ती जुनी कथा आहे. वेशीबाहेर भला मोठा लाकडी घोडा उभा होता. नगरवासीयांनी तो आनंदाने आत ओढून घेतला आणि रात्री त्याच्या पोटातून शत्रूचे सैनिक बाहेर पडले. परक्याकडून आलेल्या भेटीच्या पोटात काय दडले आहे ते आधी पाहावे, ही शिकवण जगाने तेव्हापासून गाठीशी बांधली.

वाचकहो, आज आम्हाला ज्या भेटीविषयी सांगायचे आहे तिच्या पोटात एक लहानसा भोंगा होता. तिला आडवी करून उचलली की ती "मामा" म्हणजे आई अशी हाक मारी. दुसरे काही नव्हते. तरीही एक दिवस मोठमोठ्या माणसांनी तिला शत्रूचा हेर ठरवले. ही गोष्ट खेळण्यातल्या बाहुल्यांची असली तरी ती लहान मुलांपुरती नाही. सातासमुद्रापलीकडून आलेल्या आपल्यासारख्या माणसांनी तर ती जरूर ऐकावी.

एका गावाचे दोन प्रवासी

अमेरिकेत ट्रॉय नावाची अनेक गावे आहेत. त्यांतले एक न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी वसले आहे. १७८९ साली तेथील रहिवाशांनी सभा भरवून ग्रीक कथेतले हे नाव आपल्या गावाला दिले. या गावातून दोन प्रवासी जगभर गेले. तुम्ही दोघांनाही चित्रांत पाहिले असेल.

पहिला अंकल सॅम. सॅम्युअल विल्सन (१७६६-१८५४) हे ट्रॉयमधले मांसाचे व्यापारी. १८१२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले तेव्हा ते फौजेला पिंपे भरभरून मांस पुरवीत. पिंपांवर 'यू. एस.' ही सरकारची अक्षरे छापलेली असत. हा माल आपल्या 'अंकल सॅम'चा, असा त्या अक्षरांचा अर्थ लोकांनी थट्टेने लावला, असे सांगतात. १९६१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून या नावाचा मान विल्सन यांना दिला. उंच टोपी आणि पांढरी दाढी असलेला तोच अंकल सॅम १९१७ साली सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकावर आला आणि पाहणाऱ्याकडे बोट रोखून त्याला युद्धाला बोलावू लागला.

दुसरा प्रवासी सांताक्लॉज. २३ डिसेंबर १८२३ रोजी 'ट्रॉय सेंटिनल' या स्थानिक वर्तमानपत्राने नाताळावरची एक कविता कवीचे नाव न देता छापली. आठ रेनडियरांची गाडी, धुराड्यातून घरात उतरणारा गुटगुटीत हसरा म्हातारा आणि पाठीवर खेळण्यांचे ओझे, हे चित्र त्या कवितेमुळे घरोघर पोचले. आपल्या बेटावरही डिसेंबरात दुकानादुकानांतून तोच म्हातारा उभा असतो.

एकाच गावचे हे दोघे. एक माणसांना रणांगणावर बोलावतो, दुसरा मुलांना खेळणी वाटतो. ज्या बाहुल्यांची आज गोष्ट आहे त्या सांताक्लॉजच्या झोळीतून निघाव्यात तशा प्रेमाने निघाल्या आणि अंकल सॅमच्या म्हणून जाळल्या गेल्या.

दप्तरातला पाहुणा

खेळण्याला परदेशी पाठवण्याची रीत आजही अमेरिकेत जोरात आहे. एखाद्या शाळेचा किंवा चर्चचा एक शुभंकर असतो. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांचा अप्पू हत्ती होता, तसाच. तो कापडी अस्वल, ससा किंवा बाहुला असतो. कोणी कुटुंब परदेशी निघाले की त्याला बरोबर देतात. जिथे जाईल तिथल्या शाळेत तो मुलांना भेटतो, चर्चमध्ये लोकांबरोबर बसतो, फोटो काढून घेतो. परत आला की त्याची वही वर्गात वाचली जाते. मुलांना भूगोल शिकवण्याची ही नामी युक्ती आहे. पुस्तकातले दूरचे गाव मुलाला फारसे आपले वाटत नाही, पण आपला ससा तिथे जाऊन जेवून आला म्हटले की ते गाव लगेच ओळखीचे होते.

या रीतीला सर्वांत मोठी चालना एका कागदी मुलाने दिली. अमेरिकन लेखक जेफ ब्राऊन यांचे 'फ्लॅट स्टॅन्ली' हे बालपुस्तक १९६४ साली निघाले. त्यातल्या स्टॅन्लीच्या अंगावर रात्री फळा पडतो आणि तो पापडासारखा चपटा होतो. मग आईबाप त्याला पाकिटात घालून टपालाने मित्राकडे सुटीला पाठवतात. १९९५ साली कॅनडातील लंडन गावचे शिक्षक डेल ह्यूबर्ट यांनी आपल्या वर्गातल्या मुलांकडून कागदाचे स्टॅन्ली कापून घेतले आणि ते टपालाने इतर शाळांना पाठवायला सुरुवात केली. हे स्टॅन्ली पुढे देशोदेशी फिरले. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका विमानाची दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकाने ते हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. त्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या एका प्रवाशाच्या सामानातही असाच एक कागदी स्टॅन्ली होता.

मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ दुसरे एक ट्रॉय आहे. तेथे भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती आहे आणि 'भारतीय टेंपल' हे हिंदूंचे देऊळही आहे. अशा गावातली शाळा मुलाच्या दप्तरात चपटा स्टॅन्ली घालून देते तेव्हा तो पुण्या-कोल्हापूरच्या आजीकडेही जाऊ शकतो आणि गणपतीच्या आरतीलाही उभा राहू शकतो. पण वाचकहो, एक वेळ अशी होती की या ट्रॉयमध्ये कागदाचा मुलगा राहू शकला असता, पण भारतातून आलेल्या माणसाला तिथला नागरिक म्हणून राहता आले नसते. बाहुल्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

दार बंद करणारा कायदा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेने आशियातल्या माणसांसाठी एकेक दार लावून घेतले. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून मजूर म्हणून जाणे बंद झाले. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच फौजेत नोकरी केली होती, तरीही. मग १९२४ साली नवा कायदा आला. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना कायमचे राहायला येताही येणार नाही, असे त्याने ठरवले. त्याचा रोख मुख्यतः जपानी लोकांवर होता. जपानमध्ये संतापाची लाट उसळली.

त्या वेळी सिडनी गुलिक नावाचे एक पाद्री अमेरिकेतील चर्चांच्या महासंघात काम करीत होते. त्यांचा जन्म १८६० सालचा, प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एबॉन या चिमुकल्या बेटावरचा. म्हणजे तेही आपल्यासारखेच बेटावर जन्मलेले. वडील मिशनरी होते. गुलिक स्वतः १८८८ पासून १९१३ पर्यंत पंचवीस वर्षे जपानमध्ये राहिले, तिथे शिकवले, तिथली भाषा शिकले. परत आल्यावर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली की सर्व देशांच्या माणसांना एकाच मापाने मोजा. विरोधकांनी त्यांना जपानचा हस्तक म्हटले. कायदा झाला आणि गुलिक हरले.

मोठ्यांशी बोलून उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी मुलांशी बोलायचे ठरवले. जपानमध्ये ३ मार्चला 'हिनामात्सुरी' म्हणजे बाहुल्यांचा सण असतो. आपल्याकडे चैत्रगौरीपुढे आरास मांडतात तशी तिथे पायऱ्या करून राजा-राणीच्या आणि दरबाराच्या बाहुल्या मांडतात आणि घरच्या मुलींचे कल्याण चिंतितात. १९२६ साली गुलिक यांच्या पुढाकाराने मुलांच्या जागतिक मैत्रीसाठी एक समिती स्थापन झाली. पुढच्या वर्षीच्या सणाला अमेरिकेच्या मुलांनी जपानच्या मुलांना बाहुल्या पाठवाव्यात, असे आवाहन तिने केले.

बारा हजार पाहुण्या

आवाहन चर्चांतून, रविवारच्या धर्मशाळांतून आणि सरकारी शाळांतून फिरले. बाहुली कशी असावी याचे नियम होते. उंची साधारण हातभर, किंमत सुमारे तीन डॉलर, सहज न फुटणारी, उघडझाप करणारे डोळे आणि आईला हाक मारणारा आवाज. कपडे मात्र मुलांनी आणि त्यांच्या आयांनी हाताने शिवायचे. पैसे जमवायला मुलांनी खाऊ विकला, नाटुकली केली. प्रत्येक बाहुलीला नाव होते. कोणी मेरी, कोणी बेट्टी. प्रत्येकीबरोबर मुलांनी लिहिलेले पत्र होते. बोटीचे तिकीट होते नव्व्याण्णव सेंटांचे आणि पासपोर्ट एका सेंटचा. ही बाहुली तुमच्या देशाचे कायदे आणि रीतिरिवाज पाळील अशी ग्वाही त्या पासपोर्टात दिलेली होती.

हे वाचून आम्ही थोडे थांबलो. ज्या देशाने जपानी माणसाचा पासपोर्ट नाकारला, त्याच देशाच्या मुलांनी बाहुलीला पासपोर्ट काढून दिला. खेळात मुले मोठ्यांचीच नक्कल करतात. पण या नक्कलेत मोठ्यांची चूक दुरुस्त केलेली होती.

निघण्यापूर्वी शाळाशाळांतून बाहुल्यांना निरोप दिले गेले. चहापाणी झाले, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. एकूण १२,७३९ बाहुल्या बोटींनी जपानला गेल्या. तिथे त्यांच्या स्वागताची जबाबदारी उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी घेतली. हे गृहस्थ तेव्हा ८६ वर्षांचे होते. जपानच्या आधुनिक बँका आणि कारखाने उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. २०२४ साली निघालेल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. अशा माणसाला एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या बाहुल्यांसाठी वेळ काढावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

३ मार्च १९२७ रोजी टोकियोत थाटाचा स्वागतसमारंभ झाला. दोन्ही देशांच्या मुली समोरासमोर आल्या, बाहुल्या हातोहात गेल्या. त्यानंतर त्यांना देशभरच्या प्राथमिक शाळांत आणि बालवाड्यांत वाटण्यात आले. समुद्रकाठच्या खेड्यांत, डोंगरातल्या गावांत, जिथे गोरा माणूस कधी आलाच नव्हता तिथेही निळ्या डोळ्यांची एक पाहुणी काचेच्या कपाटात जाऊन बसली. निळ्या डोळ्यांच्या बाहुलीवरचे एक बालगीत १९२१ पासून जपानमध्ये लोकप्रिय होतेच. त्यामुळे मुलांना ती पाहुणी ओळखीचीच वाटली.

परतीचा आहेर

भरल्या ओटीने आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, ही रीत आपल्याकडे आहे तशी जपानमध्येही आहे. तिथल्या सुमारे सव्वीस लाख मुलींनी प्रत्येकी एक सेन, म्हणजे आपल्या जुन्या पैशासारखे अगदी लहान नाणे, वर्गणी दिली. त्यातून ५८ बाहुल्या करवून घेतल्या. ४७ प्रांतांच्या ४७, सहा मोठ्या शहरांच्या ६, जपानच्या ताब्यातील चार प्रदेशांच्या ४ आणि साऱ्या देशाची म्हणून 'मिस जपान' ही एक.

या बाहुल्या म्हणजे कारागिरीचा नमुनाच होता. उंची सुमारे ८० सेंटिमीटर, तीन-चार वर्षांच्या मुलीपेक्षा थोडी कमी. चेहऱ्याला कालवांच्या शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचे हात वर हात देऊन ते घासून गुळगुळीत केलेले. अंगावर रेशमी किमोनो. प्रत्येकीबरोबर तिचा स्वतःचा संसार होता: लाखकामाची छोटी कपाटे, चहाची भांडी, कंदील, कागदी छत्री. मुलगी सासरी पाठवताना रुखवत मांडावा तसा. त्या घडवणाऱ्यांपैकी हिराता गोयो यांना पुढे १९५५ साली जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सर्वोच्च मान दिला.

नोव्हेंबर १९२७ मध्ये 'तेन्यो मारू' या बोटीने त्या सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. मग त्यांचे गट करून त्यांना अमेरिकाभर फिरवले. १९२८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या ४७९ शहरांत जाऊन आल्या. चर्च, शाळा, वाचनालये आणि मोठी दुकाने त्यांना पाहायला आलेल्या माणसांनी फुलून गेली. ज्या जपानी माणसाला बंदरावर अडवले असते, त्याच्या बाहुलीला पाहायला रांगा लागल्या. दौरा संपल्यावर त्या निरनिराळ्या राज्यांच्या संग्रहालयांत गेल्या. 'मिस जपान' वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आणि 'मिस क्योतो' बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात गेली.

या धांदलीत एक गंमत झाली. इतक्या गावांत सामान बांधताना-सोडताना काही बाहुल्यांच्या बैठका आणि सामान यांची अदलाबदल झाली. एकीच्या नावाच्या पाटीवर दुसरीच उभी राहिली. त्यामुळे अनेकींची खरी ओळख पटवायला अभ्यासकांना पुढे कित्येक वर्षे लागली. बोटीवरच्या कारकुनाने आडनाव चुकीचे लिहिले आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चिकटले, असे आपल्याकडे किती घराण्यांत झाले आहे! बाहुल्याही त्यातून सुटल्या नाहीत.

१९४३

आता गोष्टीचा कठीण भाग येतो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेत जपानी बाहुल्या बहुतेक संग्रहालयांच्या पेट्यांत गेल्या. पण अमेरिकेत जन्मलेली, वाढलेली जपानी वंशाची माणसे मात्र पेट्यांपेक्षा वाईट जागी गेली. १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जणांना घरदार सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांत म्हातारेकोतारे होते आणि शाळकरी मुलेही होती.

जपानमध्ये राग निघाला तो बाहुल्यांवर. १९४३ साली त्यांचा नाश करण्याची मोहीम निघाली. त्या शत्रूकडून मैत्रीचा मुखवटा घालून आलेल्या हेर आहेत असे छापून येऊ लागले. म्हणजे पुन्हा तोच ट्रॉयचा घोडा. उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातील एका शाळेत मुलांना विचारले गेले की या बाहुलीचे काय करावे. बहुतेकांनी सांगितले, जाळा किंवा फोडा. काहींनी सांगितले, समुद्रात टाका. ही उत्तरे वर्तमानपत्रात कौतुकाने छापली गेली. अनेक शाळांच्या पटांगणांत बाहुल्या बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या गेल्या, आगीत टाकल्या गेल्या. सोळा वर्षांपूर्वी ज्यांनी गाणी म्हणून स्वागत केले होते, त्यांच्याच धाकट्या भावंडांना आता हे करायला लावले.

त्याच वर्षी टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले तीन हत्ती उपाशी ठेवून मारण्यात आले. बाँब पडून पिंजरे फुटले तर धोका होईल, हे कारण सांगितले गेले. युद्ध माणसाला कुठवर नेते पाहा. बाहुली हेर ठरते आणि हत्ती शत्रू ठरतो.

पण सगळ्यांनीच हुकूम पाळला असे नाही. काही मुख्याध्यापकांनी, काही साध्या शिक्षिकांनी आपल्या शाळेची बाहुली गुपचूप उचलली. कोणी माळ्यावर ठेवली, कोणी कपाटाच्या तळाशी कापडात गुंडाळून दडवली. त्या दिवसांत हे पकडले गेले असते तर देशद्रोही म्हणवून घ्यावे लागले असते. खेळण्यासाठी एवढी जोखीम कोण घेतो? ज्याला कळले होते की बाहुलीच्या पोटात आईला मारलेल्या हाकेशिवाय काही नाही, त्याने घेतली. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे हे शिक्षक बोलले नाहीत. १९७० नंतर जुन्या शाळांची डागडुजी होताना, आवराआवर करताना एकेक बाहुली बाहेर येऊ लागली. १२,७३९ पैकी आज तीनशेच्या थोड्या वर उरल्या आहेत. अमेरिकेत गेलेल्या ५८ पैकी चाळीसहून अधिक सापडल्या आहेत.

गुलिक १९४५ साली वारले. त्यांनी जोडलेले सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत मोडले होते. पुष्कळजण म्हणाले की बाहुल्यांनी काय साधले, युद्ध थोडेच थांबले? प्रश्न खरा आहे. बाहुलीने युद्ध थांबत नाही. पण १९८७ पासून गुलिक यांच्या नातवाने जपानच्या शाळांना पुन्हा बाहुल्या पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्या घेणारे हात तयार होते. लपवून ठेवलेल्या तीनशे बाहुल्यांनी एवढे साधले.

आपल्या देशाचा पाहुणा

याच गोष्टीला भारताचाही एक धागा जोडलेला आहे. युद्धानंतर टोकियोच्या मुलांना हत्ती पाहायला उरला नव्हता. त्यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्रे लिहिली. नेहरूंनी सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण टोकियोला पाठवली आणि तिला आपल्या मुलीचे, इंदिरेचे नाव दिले. पुढच्या वर्षी ही इंदिरा जपानभर फिरली. ज्या गावांत बाहुल्या जाळल्या होत्या त्याच देशातली मुले एका परदेशी पाहुणीला पाहायला पुन्हा रस्त्यावर उभी राहिली. १९८३ साली ती वारली तोवर जपानमधल्या दोन पिढ्या तिला पाहत मोठ्या झाल्या होत्या.

आणि तो कायदा? तोही गेला. १९४६ साली हिंदी लोकांना अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा मिळाली, पण वर्षाला शंभरच माणसांना प्रवेश. १९५२ साली जपानी लोकांनाही नागरिकत्वाची वाट खुली झाली. १९६५ च्या कायद्याने देश पाहून माणूस मोजण्याची पद्धत बंद केली. त्यानंतरच मराठी डॉक्टर, इंजिनिअर आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. मिशिगनच्या ट्रॉयमध्ये आज जे भारतीय मूल दप्तरात चपटा स्टॅन्ली घेऊन घरी येते, ते या बदललेल्या कायद्यामुळे. बाहुल्या पाठवणाऱ्याने जे मागितले होते ते त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी मिळाले.

आपण काय घ्यावे

आम्ही ही गोष्ट आपल्या पानावर का सांगतो आहोत? आपले पूर्वज कोकणातून, रत्नागिरी-सावंतवाडीकडून बोटीने या बेटावर आले, तेव्हा त्यांच्या हाती निरोपाचे पत्र नव्हते की स्वागताचे गाणे नव्हते. पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढल्यावर त्यांना एक आकडा मिळाला. १८६७ च्या मजूर कायद्यानंतर जुन्या गिरमिटियांना फोटो चिकटवलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले तर तुरुंग. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते फोटो आणि त्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. ज्यांनी आपल्या पणजोबांचा फोटो तिथे पाहिला असेल त्यांना १९२७ च्या बाहुलीचा एका सेंटचा पासपोर्ट वाचताना आमच्यासारखेच वाटले असेल. त्या बाहुलीला नाव होते. आपल्या माणसांना आधी नंबर मिळाला आणि नाव मागाहून, तेही कारकुनाला जसे ऐकू आले तसे.

तरीही त्यांनी बरोबर काहीतरी आणलेच. पेटीतला एखादा टाक, ओठांवरची ओवी, गणपतीची आरती. आणि मुलींसाठी काय आणले? ज्यांच्या आज्यांनी जुन्या साडीच्या चिंध्यांची बाहुली करून दिली त्यांनी ते सांगावे. ठकी म्हणजे आपली जुनी लाकडी बाहुली, आणि लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडीची चितारआळी आजही प्रसिद्ध आहे. ज्या मुलखातून आपण आलो त्या मुलखातच खेळणी घडत होती.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या बेटावरच्या शाळांत मराठी शिकवली जाते. उत्तर अमेरिकेतही मराठी मंडळे आपल्या मुलांसाठी मराठी शाळा चालवतात. दोन्हीकडची मुले मराठी शिकतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गातून एक ठकी पाठवायला काय हरकत आहे? तिला नाव द्यावे, मुलांच्या हातची साडी नेसवावी, मराठीत पत्र लिहावे आणि बरोबर एक वही द्यावी. ती कुठे गेली, काय जेवली, कोणत्या घरात गणपतीला बसली, हे तिकडच्या मुलांनी मराठीतच लिहून पाठवावे. मुलांना व्याकरण शिकवायला याहून सोपी वाट आम्हाला दिसत नाही. मंडळींनी बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.

पण ठकी पाठवण्याइतकेच महत्त्वाचे एक काम आहे आणि ते आपल्या घरचे आहे. बाहुलीला निरोप देणे सोपे असते. गाणी असतात, चहा असतो, फोटो असतात. कठीण असते ते बाहेरचे वारे फिरल्यावर तिला माळ्यावर जपून ठेवणे. आपल्या शेजारी चिनी कुटुंब आहे, क्रिओल कुटुंब आहे, मुसलमान कुटुंब आहे. सणाला आपण त्यांच्याकडे लाडू पाठवतो, तेही नाताळला आणि ईदला आपल्याकडे खाऊ पाठवतात. कधी काळी कोणी उठून सांगेल की त्या लाडवात, त्या खाऊत काही दडले आहे. तेव्हा आपल्या मुलांनी काय उत्तर द्यावे, हे त्यांना आजच घरी शिकवायला हवे. आओमोरीच्या त्या शाळेतल्या मुलांना ते कोणी शिकवले नव्हते.